डिस्क राहू दे, आधी चेन मोजा

प्रश्न : काका, मुलानं 2009 साली कॉलेजला असताना घेतलेली गिअरची माउंटन बाईक जिन्याखाली पडून आहे. 26 इंची चाकं, पुढं तीन, मागं सात गिअर, लोखंडी फ्रेम, रबरी ब्रेक. बेळगावात पिरनवाडीहून टिळकवाडीला ऑफिसला तिच्यावरून जावं म्हणते. गिअर टाकताना खडखडतेय, चढाला चेन निसटल्यासारखी होतेय, जाड टायर डांबरावर घूं-घूं करतात. पुण्याचा भाचा म्हणतोय डिस्क ब्रेक आणि नऊचा गिअरसेट बसव. मिस्त्री म्हणतोय भंगारात घाल. काय करू? फोटो जोडलाय.

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. भाच्याचं तर मुळीच नको. फोटोत फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाला डिस्क दाबून धरणारा कॅलिपर बसवायला जागाच नाही. म्हणजे फ्रेमला वेल्डिंग आलं, चाकाच्या मधला हब नवा आला, पुढचं चाक धरणारा फोर्कही बघावा लागणार. तुमचं सातचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा जुडगा, हबवर आट्यांनी बसतंय, नऊची कॅसेट खाचांवर सरकवतात. तेव्हा मागचं चाकही बदललं म्हणायचं. एवढ्या पैशात दुसरी सायकल दारात उभी राहते.

मी उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर काढली. माझी सवय अशी, की आधी मोजायचं, मग पाना हातात घ्यायचा. घरात बारा इंची स्टीलची पट्टी असेल, ती घ्या. चेन ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि तिथून चोविसावी पिन बघा. चेन नवी असेल तर तिचा मध्य बरोबर बारा इंचावर येतो. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढं गेली असेल तर नुसती चेन बदला. एक सूत गेली असेल तर फ्रीव्हीलही गेलं समजा, दोन्ही एकदम बदला.

इथं कंजूषपणा करू नका. मी केला होता. जुन्या फ्रीव्हीलवर नवी चेन चढवली आणि रेल्वेच्या तिसऱ्या गेटाजवळ पुलाच्या चढाला उभा राहून पॅडल मारलं. दात झिजून आकड्यासारखे झालेले, नवी चेन त्यात बसेना. खटकन उडाली आणि गुडघा हँडलवर आपटला. आठवडाभर घरात लंगडत होतो, वर बायकोचं ऐकून घेतलं ते वेगळंच. तुमची ‘चेन निसटते’ ही तक्रार मला याच जातीची वाटतेय. गिअरची खडखड मात्र बहुतेक वेळा गंजलेल्या केबलची असते. आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही नवं टाका, निम्मा त्रास तिथंच जाईल.

टायर नक्की बदला, पण दुकानात ‘26 चा द्या’ एवढंच म्हणू नका. तुमच्या टायरवर बारीक अक्षरात 50-559 असा काहीतरी आकडा असेल. त्यातला 559 महत्त्वाचा, टायर रिमवर बसतो तिथला तो मिलिमीटरमधला व्यास. साध्या सायकलीचा 26 x 1 3/8 टायर 590 चा असतो, तो तुमच्या रिमवर कधीच बसणार नाही. तुम्ही गोट्या नसलेला, 26 x 1.5 चा गुळगुळीत टायर मागा. हवा मागं पन्नास, पुढं पंचेचाळीस पीएसआय ठेवा, टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. घूं-घूं थांबेल आणि सायकल एकदम हलकी लागेल.

आता ब्रेक. रबरी ब्रेक पावसातही पुरतात, थोडा आधीपासून दाबायचा एवढंच. खरा वैरी आपली तांबडी माती. जांबोटीकडून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांबरोबर ती पिरनवाडीपर्यंत येते. पाण्यात कालवली की लॅपिंग पेस्ट तयार! आम्ही कारखान्यात लोखंड घासायला वापरायचो तसलीच. रिम आणि रबर दोन्ही खाऊन टाकते. पावसाळ्यात दोन दिवसांआड ओल्या फडक्यानं रिम पुसा, रबरात रुतलेली ॲल्युमिनियमची कुसळं सेफ्टीपिननं काढा. रिमच्या बाजूवर पट्टी आडवी धरून मधून उजेड दिसला, खोलगट दिसली, की रिम बदलायची वेळ आली.

ओव्हरॉइलिंगला द्याल तेव्हा दोन्ही हब आणि पॅडलचे छर्रे बघायला सांगा. एवढी वर्षं पडून राहिल्यावर ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतंय. घरीच पॅडल काढणार असाल तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. जन्मभर डावे आटे पाडलेला मी, तोच पॅडल अर्धा तास घट्ट करत बसलो होतो!

पुढच्या फोर्कला हलवून बघा. टकटक वाजत नसेल तर आहे तसा राहू दे. मडगार्ड पूर्ण लांबीचे लावा, कॅरिअर लावा, डबा पाठीवर कशाला? चेनगार्ड नसेल तर ओढणी पिन करूनच बसा. मागं लाल दिवा हवाच, खानापूर रोडला संध्याकाळी ट्रक कसे येतात ते तुम्ही रोज बघताच.

तेव्हा आज संध्याकाळी पट्टी लावा. चोविसावी पिन किती सूत पुढं गेली ते कळवा, मग फ्रीव्हीलचं ठरवू.