मोहिमेला नको म्हणणारा मुलगा

“मुलाने स्वतःच्या हौसेने शाळेच्या पुरस्कार योजनेत नाव घातले, चार-पाच महिने सगळे नीट केले आणि मुक्कामाची मोहीम तोंडावर आल्यावर आता जायला नको म्हणतो. त्याला बळेच पाठवावे की नाव काढून घ्यावे?” साताऱ्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कोणी ना कोणी पालक विचारतात. त्याचे उत्तर म्हणून एका मुलाची हकीकत त्याच्या आणि त्याच्या आई-वडिलांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

ही योजना मूळची ब्रिटनमधील ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराची. प्रिन्स फिलिप यांनी ती १९५६ साली सुरू केली आणि १९६२ पासून ती भारतातही आहे. आपल्याकडे तिला ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ म्हणतात. १४ ते २४ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे तिचे तीन स्तर आहेत. कांस्य स्तराला किमान सहा महिने लागतात. समाजसेवा, एखादे कौशल्य आणि खेळ किंवा व्यायाम यांना आठवड्याला सरासरी एकेक तास द्यायचा असतो आणि त्याशिवाय दोन दिवस व एक रात्र यांचा साहसी प्रवास असतो, ज्याच्या आधी सरावाचा प्रवास करावा लागतो. येथे कोणाची कोणाशी स्पर्धा नसते, प्रत्येकाने स्वतः ठरवलेले ध्येय गाठायचे असते. पुढे जे घडले त्यात ही शेवटची गोष्ट फार उपयोगी पडली.

मुलगा नववीत होता. वडील नोकरीनिमित्त पुण्यात राहत आणि शनिवार-रविवारी घरी येत. पहिल्या भेटीत बहुतेक तेच बोलले. “मॅडम, फी भरली, बूट घेतले, सॅक घेतली. आता ऐन वेळी शेपूट घालतोय. अंगात जरा कणखरपणा यावा म्हणूनच तर हे सगळं केलं.” आई पदराच्या टोकाशी चाळा करत गप्प बसून होती. सरावाच्या प्रवासानंतर शिक्षकांनी ‘उत्साह कमी, रात्री झोपला नाही, पाणी पीत नव्हता’ असा शेरा दिला होता.

दुसऱ्या भेटीत मी मुलाशी एकट्याने बोलले. “मला डोंगर आवडत नाही,” एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ते खरे नव्हते, कारण अजिंक्यतारा तो दर रविवारी हौसेने चढत असे. मी फार खोदून विचारले नाही. समाजसेवेची त्याची नोंदवही सोबत होती, ती वाचू देशील का, असे विचारले. एका वृद्धाश्रमात तो आठवड्यातून एकदा जात होता. वर्तमानपत्र वाचून दाखवले, औषधांचे डबे भरले, अशा नोंदींमध्ये एक नोंद होती: “दुसऱ्या खोलीतल्या आजोबांची चादर बदलली. ते भिंतीकडे बघत होते. मी म्हणालो, आजोबा, होतं असं. गादीवर प्लॅस्टिक घातलं. चादर आधी गार पाण्यात टाकली, नाहीतर वास जात नाही.”

चौदा वर्षांच्या मुलाला हे सहसा ठाऊक नसते. “गार पाण्याचं तुला कोणी शिकवलं?” असे मी विचारले. त्याने वही मिटली, बऱ्याच वेळाने म्हणाला, “आईनं. घरी लागतं.”

लहानपणापासून आठवड्यातून दोन-तीनदा झोपेत त्याचे अंथरूण ओले होत असे. आईला ते माहीत होते, वडिलांना त्यांनी कळू दिले नव्हते. सरावाच्या वेळी तो दुपारपासून पाण्याचा थेंब न घेता उन्हात चालला होता आणि तीन मित्रांच्या मधोमध तंबूत रात्रभर टक्क जागा राहिला होता. दुसऱ्या दिवशी उतरताना त्याचे डोके ठणकत होते, पायही लटपटत होते. शिक्षकांच्या शेऱ्यातील तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्या तिन्हींचे मूळ एकच होते आणि ते शाळेत कोणाला ठाऊक नव्हते.

बळेच पाठवणे आणि नाव काढून घेणे, या दोन्ही मार्गांना माझा विरोध याचसाठी आहे. मूल डोंगराला, अंधाराला किंवा कष्टाला भ्याले, असे दोन्हींत आधीच धरून चाललेले असते. माझ्या अनुभवात कारण बहुधा त्याहून लहान आणि सांगायला अवघड असते. कोणा मुलीची पाळी त्याच तारखांना येणार असते आणि वाटेत आडोसा कुठे मिळेल, हे तिला कोणी सांगितलेले नसते. कोणी दम्याचा पंप मित्रांपासून लपवत असतो. म्हणून “का नको?” असे विचारण्यापेक्षा त्या दोन दिवसांचा तासातासाने माग काढावा: झोपणार कुठे, शेजारी कोण, शौचाला कसे जाणार, सकाळी कपडे कुठे बदलणार. ज्या तासापाशी मूल अडखळते, तेथे थांबावे. आणि हे बोलणे जेवणाच्या ताटावर, सगळ्यांसमोर करू नये.

वडिलांना सांगायचे की नाही, हे मी मुलावर सोपवले. त्याने दोन आठवडे घेतले आणि मग माझ्यासमोर स्वतःच सांगितले. वडील काही वेळ काहीच बोलले नाहीत, नंतर म्हणाले, “यावर औषध असतं का?” त्या क्षणी मुलाला याहून अधिक काही हवे होते, असे मला वाटत नाही.

औषध असते, आणि हा आळस किंवा भित्रेपणा नव्हे, हे पालकांनी पक्के ध्यानात घ्यावे. पंधराव्या वर्षीही शंभरात एक-दोन मुलांना हा त्रास असतो आणि पुष्कळदा तो घराण्यात चालत आलेला असतो. डॉक्टरांनी लघवी तपासली, बद्धकोष्ठता आहे का ते पाहिले. आधी कोरडे झोपणाऱ्या मुलाला हे अचानक सुरू झाले, तर मधुमेह आणि संसर्गाची तपासणी लवकर करावी लागते. येथे तसे नव्हते. मुक्कामाच्या रात्रींसाठी त्यांनी गोळी दिली, ती घेतल्यावर पाणी अगदी बेताचे प्यायचे असे बजावले, आणि घरी आधी चार-पाच वेळा घेऊन पाहायला लावली. दिवसा मात्र भरपूर पाणी प्यायलाच हवे, हे त्याच्याकडून वदवून घेतले. तहान मारून डोंगर चालणे हाच या सगळ्यातला खरा धोका होता.

शाळेत एकाच शिक्षकांना सांगायचे, असे मुलाने ठरवले. त्यांनी त्याला घाई न करता सहा आठवड्यांनी जाणाऱ्या पुढच्या गटात घेतले. योजनेत पहिले येण्याची घाई कोणालाच नसल्याने गटातील कोणी विचारलेही नाही. त्याला तंबूच्या दाराजवळची जागा मिळाली, झोपण्याच्या पिशवीत घालायचे दोन सुती अस्तर सोबत दिले, आणि “रात्री दोनला मी फेरी मारतो, तेव्हा तुझ्या पायाला हात लावीन,” असे सरांनी सांगून ठेवले.

गट चंदन-वंदनच्या पायथ्याच्या गावांतून वाटेवरचे पाणवठे नोंदवत गेला. परत आल्यावर तो मला भेटायला आला. सरांनी दोनला उठवले होते, तरी पहाटे थोडे ओले झालेच, असे त्याने सांगितले. त्याने अस्तर बदलले, ओले अस्तर घट्ट पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी घातले आणि सर्वांच्या आधी चुलीपाशी जाऊन चहाचे आधण ठेवले. हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला नाही. नंतर त्याने पाणवठ्यांचा हाताने काढलेला नकाशा टेबलावर पसरला आणि कोणत्या विहिरीचे पाणी आटले होते, ते मला बोट ठेवून दाखवू लागला.