हिंदी सिनेमात आफ्रिकन माणूस म्हणजे ड्रग्ज विकणारा, असंच का दाखवतात?

कारण लेखकाचे कष्ट वाचतात. अंधारी गल्ली आणि तिथे उंच, काळा माणूस उभा केला की खिशात पुडी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आफ्रिकन बाई तर सहसा नसतेच, असली तर हसण्यापुरती. झालं उत्तर. आता माझं ऐका.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारात. घर दादाच्या आणि माझ्या नावावर, पण दादा पुण्यात, त्यामुळे वरच्या मजल्याचे भाडेकरू मीच बघते. तीन वर्षांपूर्वी टांझानियाची एक मुलगी आली, एम.एस्सी. करणारी. मी हो म्हटलं. त्याच रात्री दादाचा फोन. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हे लोक काय धंदे करतात, सिनेमात बघत नाहीस?" मी विचारलं, तू स्वतः किती जणांना भेटलायस? एकालाही नाही.

पहिल्याच रविवारी मी तिला जेवायला बोलावलं. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर वाढली तर ही ताटाकडे बघून ओरडली, "कचुंबारी!" स्वाहिलीत तेच म्हणतात. चपातीला चपाती, दुकानाला दुका. गेल्या शतकांत आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेल्या लोकांची ही शिदोरी. पोरीने तीन पोळ्या खाल्ल्या आणि नको म्हणत असताना भांडी घासून गेली.

दादाचा राग मला वेगळ्या कारणाने झोंबला. १९८८ साली माझ्या लग्नाची जाहिरात पेपरात त्यानेच दिली होती, 'निमगोरी' असं लिहून. मी तव्यासारखी काळी! बघायला आलेली माणसं आधी माझ्याकडे बघत, मग एकमेकांकडे. पोहे खाऊन जात. घरात फेअर अँड लव्हलीची ट्यूब कायम. ते क्रीम १९७५ पासूनचं, जाहिरातीत मुलगी उजळली की नोकरी नाहीतर नवरा ठरलेला. २०२० मध्ये 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. दादा म्हणतो, बघ, जमाना बदलला. नाव बदललं, बाबा.

आणि हा माणूस निवृत्त इतिहास शिक्षक! मलिक अंबरची जमीन महसुलाची पद्धत वर्गात तीस वर्षं शिकवली. मलिक अंबर हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला होता, ते मात्र फळ्यावरच राहिलं. आमच्या गुजरातेत जांबूर गावात सिद्दी आहेत, मूळ आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, टीव्हीवर ते मोरपिसं लावून धमाल नाचतानाच दिसतात. त्याच जांबूरच्या हिराबाई लोबींनी गावच्या बायकांना हाताशी धरून कामं उभी केली, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. बातमी आली, दोन दिवसांत विरली.

सगळेच सिनेमे असे नसतात, हे मान्य. आफ्रिकन माणसं गुन्ह्यात पकडली जातात हेही खरं, आपलीही जातात. तुम्हालाही घर द्यायचं असेल तर खुशाल द्या, फक्त पासपोर्ट-व्हिसाची प्रत ठेवा आणि परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म-सी) २४ तासांत ऑनलाइन भरा. मी भरला होता. दादाला त्याचा फोटोही पाठवला, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही.

ती दोन वर्षं राहिली, भाडं दर पाच तारखेला हातात. तिच्या आधीचा भाडेकरू आपल्यातलाच, गोरापान, दादाच्या ओळखीचा. तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेला. तेव्हाही दादाचा फोन आला होता, "जाऊ दे, चांगल्या घरातला मुलगा आहे" म्हणायला.