गोळीने शमलेली जळजळ

प्रश्न : माझे वडील रबाळे एमआयडीसीत कंत्राटी कामगार होते. दीड वर्ष ते केमिस्टकडून ॲसिडिटीच्या चार-चार गोळ्या कापून आणत राहिले. दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा जठराचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. त्याच कारखान्यातील एका अधिकाऱ्यांचा हाच आजार वेळेत सापडला आणि ते बरे झाले. आम्हा भावंडांना धोका आहे का?
– एक वाचक, दिघा

उत्तर : धोका इतरांपेक्षा अधिक आहे, परंतु तो कमी करता येतो. जठराच्या बहुतेक कर्करोगांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. तो बहुधा बालपणी घरातल्या घरातच पसरतो, त्यामुळे ज्याला आपण आनुवंशिकता म्हणतो तिच्यात एका छपराखाली राहण्याचाही वाटा असतो. जिवाणू असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, हेही खरे. तरीही दक्षिण कोरियात अशा रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जिवाणूवरील उपचारांनी कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

तेव्हा सर्व भावंडांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून घ्यावी. चाचणीपूर्वी ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद नसतील, तर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. औषधांचा कोर्स साधारण चौदा दिवसांचा असतो. तो मध्येच सोडू नये आणि संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करावी. तंबाखू सोडावी, खारवलेले पदार्थ कमी करावेत.

आता त्या दीड वर्षाविषयी. ॲसिडिटीची गोळी कर्करोगाची जळजळही काही काळ शमवते आणि रोग्याला बरे वाटत असतानाच गाठ वाढते. अधिकाऱ्यांना तपासणीसाठी रजा मिळाली असेल. तुमच्या वडिलांचा मात्र एका खाड्याला एका दिवसाचा पगार गेला असता. दोघांच्या आजारात फरक पडला तो बहुधा इथेच, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे. कंत्राटी कामगारालाही ईएसआयचा (कामगारांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा) हक्क असू शकतो, पण ठेकेदार ते आपणहून सांगेलच असे नाही. वजन घटणे, गिळताना अडखळणे, काळी शौच किंवा रक्तक्षय असेल, तर वय कितीही असो, गोळी न घेता दुर्बिणीची तपासणीच मागावी.

तुम्ही डॉक्टरांकडे जाताना वडिलांच्या बायोप्सीचा अहवाल सोबत न्यावा. कर्करोगाचा प्रकार पाहून पुढील तपासण्या ठरतात.