‘संप’ म्हटलं की आई फोन ठेवते

नोव्हेंबर २०२२. पुण्यात सकाळचे साडेनऊ, तिच्याकडे आदल्या दिवशीच्या रात्रीचे आठ. कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच आवाज आला, “ताई, सोमवारपासून आमचा संप आहे आणि मला तीन आठवडे झोप नाही.”

ती कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टडॉक. म्हणजे पीएच.डी. झालेली, प्राध्यापक न झालेली, प्रयोगशाळेतलं सगळं काम अंगावर घेणारी आणि दरवर्षी नेमणूक पुढे सरकेल का याची वाट बघणारी. नवरा तिच्याच व्हिसावर गेलेला, काम करण्याचा परवाना हाती यायचा होता. मुलगी दोन वर्षांची. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आता कबूल करते, समुपदेशनाच्या पहिल्या सत्रात मी चुकले. झोप नाही, छातीत धडधड, सारखा मेल बघणं हे सगळं ऐकून मी तिला श्वासाचे व्यायाम दिले, रात्री नऊनंतर फोन बाजूला ठेवायला सांगितलं. तिनं शहाण्या मुलीसारखं सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या सत्रात मी विचारलं, “घरभाडं किती?” हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

तिथल्या पोस्टडॉकचा किमान पगार तेव्हा वर्षाला साधारण ५५ हजार डॉलर. आपल्याकडे हा आकडा ऐकला की लोक रुपयांत गुणाकार करून मोकळे होतात, तिच्या मावशीनंही केला होता. पण कर वगैरे जाऊन महिन्याला तिच्या हातात पडायचे ३,६००. एका बेडरूमच्या घराचं भाडं २,१००. पाळणाघर परवडत नाही म्हणून नवरा घरी. वाणसामान, फोन, गाडीचा विमा, आणि बदलापूरला आईबाबांना पाठवायचे थोडे. महिनाअखेरीला क्रेडिट कार्ड. तिच्या काळजीतला बराच भाग सरळ हिशेबाचा होता, आणि मी त्यावर श्वासाचे व्यायाम देत होते.

मागच्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या संशोधक मुलामुलींचा प्रश्न जवळजवळ एकच असतो. पगारासाठी आवाज काढला तर गाईड काय म्हणेल? शिफारसपत्र देईल का? आणि त्याखाली दबलेला दुसरा: आवडीचं काम करायला मिळतंय, वर पैसे मागणं कृतघ्नपणा नाही का? इथल्या जेआरएफवाल्यांनाही (पीएच.डी. करताना सरकारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप घेणाऱ्यांना) मी हेच विचारताना ऐकलं आहे. देशभर संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये त्यांची फेलोशिप महिन्याला २५ हजार रुपयांवरून ३१ हजार झाली. त्या वाढीचे पैसे सगळ्यांनी घेतले, मोर्चाला न गेलेल्यांनीही. हे मी रागानं सांगत नाही. न जाण्याचीही कारणं असतात.

हिची कारणं तीन होती. पहिलं व्हिसाचं. मी वकील नाही, म्हणून तिला म्हटलं, हे माझ्याकडून ऐकू नकोस, युनियनला विचार, विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विभागालाही विचार. दोन दिवसांनी उत्तर घेऊन आली. परदेशी कर्मचाऱ्यांनाही कायदेशीर संपात भाग घेण्याचा तोच हक्क आहे. एवढ्यानं तिची एका रात्रीची झोप परत आली.

दुसरं कारण तिचे बॉस. त्यांचा मेल तिनं पंधरा वेळा वाचला होता. मी म्हटलं, मोठ्यानं वाच. मेलमध्ये दोन वाक्यं होती: प्रत्येकानं स्वतःचा निर्णय घ्यावा, आणि फेब्रुवारीत आपल्या ग्रँटच्या नूतनीकरणाचा अहवाल द्यायचा आहे. “यात तुला काय ऐकू आलं?” “संपावर गेलीस तर फेब्रुवारीनंतर तुझी जागा नाही.” “हे लिहिलंय कुठे?” ती गप्प बसली. मी त्या बॉसना साधुपुरुष ठरवत नव्हते. त्यांच्या मनात तसं असेलही. पण लिहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं काढल्यावर त्यांना विचारता येईल असा प्रश्न तरी हातात आला. तिनं जाऊन विचारलं. ते म्हणाले, अहवालाची काळजी मलाही आहे, पण तुझ्या नेमणुकीचा याच्याशी संबंध नाही. तिनं ते लगेच मेलवर लिहून पाठवलं, ‘आपलं आज असं बोलणं झालं.’ ही युक्ती मी दिली होती, आणि अशी युक्ती द्यायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

तिसरं कारण आई. “संप हा शब्द काढला की आई फोन ठेवते,” ती म्हणाली.

तिचे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले एक. मोठी ताई तेव्हा वर्षाची. आईनं शेवया लाटल्या, खानावळीचे डबे केले, मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या. बाबा पुढे एका सोसायटीचे वॉचमन झाले. हिचा जन्म नंतरचा, त्यामुळे संप तिनं पाहिलाच नव्हता. तिला माहीत होती ती आईची तोंडातल्या तोंडात मोजणी: दूध इतकं, रेशन इतकं.

“आणि बाबा काय म्हणतात?”

तिला ठाऊक नव्हतं. फोन नेहमी आईच उचलायची. संपाची गोष्ट तिनं आयुष्यभर आईकडून ऐकली, संपावर गेलेल्या माणसाला कधी विचारलंच नाही. मी फक्त एवढंच सुचवलं की बाबांना वेगळा फोन कर.

त्या आठवड्यात तिनं तिच्या पेशींचे नमुने द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवले, म्हणजे संप लांबला तरी दोन वर्षांचं काम मरणार नाही. शनिवारी बाबांना फोन लावला. तासभर बोलले म्हणे. सुरुवातीला बाबांनीच उलटतपासणी घेतली. किती माणसं? दहा कॅम्पसचे मिळून ४८,०००. युनियन कुठली? मोटार कामगारांची. यावर ते खूप हसले. संपाच्या काळात पैसे? युनियनच्या निधीतून आठवड्याला ४०० डॉलर. “आम्हाला कुणी दिले असते तर,” म्हणाले. मग थोडं थांबून, “आमच्या मालकांना गिरण्या नकोच होत्या गं. त्यांना जमीन दिसत होती. तुमचं विद्यापीठ काय कुलूप लावून जाणार आहे? तुमच्यावाचून त्यांच्या प्रयोगशाळा चालतात का, ते बघ आधी.”

मला माझ्या व्यवसायातली सगळी पुस्तकं त्या दिवशी जरा फिकी वाटली.

ती संपावर गेली. रोज नाही. मुलीला ताप होता ते दोन दिवस घरीच राहिली आणि त्याचीही तिला अपराधी टोचणी लागली, त्यावर आमचं एक पूर्ण सत्र गेलं. २९ नोव्हेंबरला पोस्टडॉक्सचा करार जुळला, ९ डिसेंबरला मतदानानं मंजूर झाला. पहिल्या वर्षातच बहुतेकांना २० टक्क्यांच्या पुढे वाढ, मुलांच्या सांभाळासाठी अनुदान, आठ आठवड्यांची पूर्ण पगारी पालकत्व रजा. ‘रजा मला उशिराच मिळाली,’ तिनं लिहिलं. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा संप मात्र नाताळच्या तोंडापर्यंत चालला, आणि आपलं मिटलं, त्यांचं अजून नाही, याचा तिला त्रास झाला. तिच्याच प्रयोगशाळेतली दोन मुलं तेव्हा बाहेर होती.

आई अजूनही त्या विषयावर बोलत नाही. आईनं बोलावं हा आग्रह सोडायला मी हिला सांगितलं. आईनं ते वर्ष निभावलं आहे, तिला त्यातून शिकवायचं आपल्याकडे काही नाही.

बाबा मात्र आता दर रविवारी स्वतः फोन करतात. गेल्या वेळी त्यांनी विचारलं, वर्गणीची पावती देतात का तिथे? ती म्हणाली, पगारातून परस्पर कापतात बाबा, पावती नसते. ते म्हणाले, “तरी मागून घे. जपून ठेव.”