वाचकांचे प्रश्न : लक्सरचा एक दिवस

थंडीच्या दिवसांत इजिप्तला निघालेल्या वाचकांची पत्रं यंदा बरीच आली. बहुतेकांच्या कार्यक्रमात लक्सरला एकच दिवस आहे, म्हणून उत्तरंही त्या दिवसापुरतीच.

प्रश्न : सहलवाल्यांनी एका दिवसात व्हॅली ऑफ द किंग्ज, हत्शेपसुतचं मंदिर, मेम्नॉनचे पुतळे, कर्नाक, लक्सर मंदिर आणि वर दोन 'कारखाने' लिहून दिलेत. सगळं होतं म्हणायलेत. खरंच होतं का? (परभणी)

कारखाने खोडले तर होतं. 'कारखाना' म्हणजे अलाबास्टरच्या (संगमरवरासारख्या दगडाच्या) वस्तूंचं किंवा पपायरसचं (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचं) दुकान, तिथे दीड-दोन तास सहज जातात. ते नको, असं निघण्यापूर्वीच लेखी कळवा. गाडीत बसल्यावर सांगून उपयोग होत नाही.

व्हॅली ऑफ द किंग्ज म्हणजे प्राचीन राजांच्या थडग्यांची दरी. ती आणि राणी हत्शेपसुतचं मंदिर नाईलच्या पश्चिम काठावर, कर्नाकचं मंदिर आणि लक्सर मंदिर पूर्व काठावर. पश्चिम काठ सकाळीच उरकायचा. व्हॅली सहाला उघडते. दहापर्यंत चुनखडीचे डोंगर तापतात आणि बसगाड्यांची रांग लागते. अडीच तास व्हॅलीला, सव्वा तास हत्शेपसुतला. मेम्नॉनचे अठरा मीटर उंचीचे दोन पुतळे रस्त्यालगतच आहेत, तिकीट नाही, दहा मिनिटं पुरतात. मग जेवण आणि सावलीत विश्रांती. दुपारी अडीचला कर्नाक, दोन तास. लक्सर मंदिर शेवटी ठेवा, कारण ते अंधार पडल्यावरही उघडं असतं आणि दिव्यांच्या उजेडात कोरीवकाम जास्त उठून दिसतं.

मुक्काम पूर्व काठावर असेल तर गाडीला दक्षिणेकडच्या पुलाचा वळसा पडतो. होडीने दहा मिनिटांत पलीकडे जाऊन तिथे उभ्या गाडीत बसलात, तर सकाळचा अर्धा तास वाचतो. तांबड्या समुद्रावरच्या हुरघाडाहून 'एका दिवसात लक्सर' मात्र घेऊ नका. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, एका बाजूला चार तास. पोहोचता तेव्हा नेमकी गर्दी आणि ऊन. आदल्या रात्री लक्सरलाच राहा.

प्रश्न : 'प्रवेश समाविष्ट' असं लिहिलंय. म्हणजे तुतनखामुनचं थडगंही आलं ना? (बीड)

नाही. व्हॅलीत साठहून जास्त थडगी सापडली आहेत, पण साध्या तिकिटात उघडी असतील त्यांपैकी तीनच. तुतनखामुन (क्रमांक 62), पहिला सेती (17) आणि पाचवा-सहावा रामसेस (9) यांना वेगळं तिकीट. प्रवेशद्वारापासून आत नेणाऱ्या विजेच्या गाडीचे थोडे पैसे निराळे.

एकच जादा तिकीट घ्यायचं असेल तर 9 घ्या. छतावर आकाशदेवी नूत लांबच लांब पसरली आहे, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. तुतनखामुनचं थडगं लहान आहे, रंगकाम एकाच खोलीत. त्याची ममी तिथेच काचेत आहे, पण 1922 साली निघालेला खजिना गिझ्याच्या नव्या संग्रहालयात. तोही पाहणार असाल तर इथे पैसे घालू नका, असं आमचं मत. सेतीचं तिकीट महाग. पण सुमारे 137 मीटर लांबीच्या त्या थडग्यातलं कोरीवकाम व्हॅलीत सर्वांत सरस आहे.

वाटाड्यांना थडग्याच्या आत बोलायची परवानगी नाही. बाहेरच्या फलकासमोर सगळं समजून घ्या, मगच आत शिरा. आतला रखवालदार खुणेने कोपऱ्यात बोलावतो, बॅटरी मारून चित्र दाखवतो आणि हात पुढे करतो. बक्षिसी द्यायची नसेल तर त्याच्यामागे जाऊ नका.

तिकीटखिडकीवर बहुतेक ठिकाणी रोख चालत नाही. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अॅपमधून ते इथेच चालू करून निघा.

प्रश्न : वय 68, गुडघे दुखतात. काय टाळावं? (निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई)

तिसऱ्या थुतमोसचं 34 क्रमांकाचं थडगं टाळा : आधी लोखंडी जिना चढून कड्यात जायचं, मग आत तीव्र उतार. सेतीच्या पायऱ्याही कठीण. चौथ्या रामसेसचं 2 जवळजवळ सरळ आणि रुंद आहे, 9 लांब असलं तरी उतार सौम्य. उतरताना त्रास जाणवत नाही, चढून येताना दम लागतो. आत हवा कोंदट असते. हत्शेपसुतला पायऱ्यांऐवजी मधला उतारमार्ग आहे.

प्रश्न : वेरूळ-अजिंठा उशाला असताना तिथे वेगळं काय बघायचं? (खुलताबाद)

कैलास लेणं वरून खाली कोरलं, ही थडगी दारातून आत खोदत नेली. आपला बेसाल्ट, त्यांची चुनखडी. अजिंठ्याप्रमाणे इथेही चित्रं कोरड्या गिलाव्यावर आहेत, म्हणूनच माणसांच्या श्वासातल्या आणि घामातल्या ओलाव्याने ती बिघडतात. राजा मेला की काम थांबे, त्यामुळे अर्धवट भिंती सापडतात. सेतीच्या एका खोलीत नुसती रेखाटनं आहेत, छिन्नी लागलेलीच नाही.

हे कारागीर जवळच्या देर अल-मदिना गावात राहत. तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी धान्याची रोजी थकली, तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली. वेळ असेल तर ते गाव बघा. मेम्नॉनपेक्षा तिथे जास्त कळतं.

कर्नाकच्या 134 खांबांच्या मंडपात नुसतं वर पाहून निघू नका. उत्तरेकडचा भाग पहिल्या सेतीचा, कोरीवकाम उठावदार. दक्षिणेकडचा मुलगा दुसऱ्या रामसेसचा, तिथे आकृत्या दगडात आत खोदलेल्या. दोन्ही भिंतींजवळ नेऊन दाखवा, असं वाटाड्याला आधीच सांगा.

प्रश्न : शाकाहारी जेवण मिळेल का? (उदगीर)

मिळेल. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, टोमॅटोची चटणी आणि तळलेला कांदा असलेली कोशारी घ्या, किंवा बाकल्याच्या डाळीचे तामिया वडे. 'व्हेज' म्हटलं तरी कोंबडी चालत असेल असं तिथे समजतात, म्हणून मांस नको आणि कोंबडीही नको, असं दोन्ही सांगा. मुलुखिया ही पालेभाजी बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्श्यात शिजवतात, ती विचारूनच घ्या.