'विंटेज' म्हणजे 'वाईनचं वय' हे खरं आहे का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

खरं नाही. हे सांगताना मला जरा ओशाळल्यासारखं होतंय, कारण नाशिकजवळच्या एका वायनरीत मी दोन हंगाम पाहुण्यांना बाग दाखवायचं काम केलंय. तुम्ही वाचलेली हीच फोड, 'विन' म्हणजे वाईन आणि 'एज' म्हणजे वय, मी दिवसातून चार वेळा ऐकवायचो. लोक माना डोलवायचे. एकदा फ्रेंच शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाता जाता हळूच विचारलं, "वांदांज हा शब्द ऐकलाय का हो?" त्या रात्री शब्दकोश उघडला.

वांदांज म्हणजे फ्रेंचमध्ये द्राक्षांची काढणी. इटालियनमध्ये वेंदेम्मिया, स्पॅनिशमध्ये वेंदिमिया. सगळ्यांची आई एकच, लॅटिनमधली 'विंदेमिया'. तिचे दोन तुकडे पडतात: 'विनुम' म्हणजे वाईन किंवा तिची द्राक्षं, आणि 'देमेरे' म्हणजे काढून घेणं, उतरवणं. आपण आंबे 'उतरवतो' ना, अगदी तेच क्रियापद. म्हणजे विंटेज या शब्दाच्या पोटात वय नाहीच, कात्री आणि क्रेट आहे.

मग शेवटी 'एज' कुठून आलं? जुन्या फ्रेंचमधला 'वेंदांज'सारखा शब्द इंग्लंडात गेला आणि तिथे त्याचा घाट बदलला. वाईन विकणाऱ्याला इंग्रजीत 'विंटनर' म्हणत, त्याच्या वळणावर 'वेंड'चं 'विंट' झालं. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत विंटेज म्हणजे नुसती द्राक्षकाढणी, किंवा त्या काढणीतून निघालेला माल. वयाचा 'एज' वेगळ्याच लॅटिन शब्दावरून आलाय. दोघं फक्त दिसायला सारखे.

त्या 'देमेरे'मध्ये 'एमेरे' दडलेलं आहे: आधीचा अर्थ घेणं, नंतर विकत घेणं. 'प्रीमियम'मध्येही तेच बसलंय. द्राक्षबागेच्या पीक विम्याचा हप्ता भरताना हे आठवून मला उगाच हसू येतं.

आता काढणीवरून 'जुनं' इथपर्यंत गाडी कशी आली? अठराव्या शतकाच्या मध्याला विंटेजचा अर्थ 'अमुक साली काढलेल्या द्राक्षांची वाईन', आणि मग ते सालच, असा सरकला. चांगल्या सालाची वाईन लोक राखून ठेवत, त्यामुळे शब्दाला जुनेपणाचा आणि भारीपणाचा वास लागला. १८८३च्या सुमारास 'मागच्या काळातलं' या अर्थाचं विशेषण झालं, १९२८च्या आसपास मोटारींना चिकटलं. ब्रिटनमधले शौकीन आजही १९१९ ते १९३० मधल्या गाडीलाच विंटेज म्हणतात, त्याआधीच्या-नंतरच्या गाड्यांना त्यांची वेगळी नावं आहेत. आपल्याकडे मात्र कॉलेज रोडवरच्या कॅफेतला परवा रंगवलेला कंदीलही विंटेज. समालोचक 'विंटेज धोनी' म्हणतात तेव्हा त्यांना म्हातारा धोनी म्हणायचं नसतं, त्याच्या ऐन बहरातला धोनी म्हणायचं असतं. हा वापर मूळ वाईनच्या अर्थाला जास्त धरून आहे.

वाईनवाल्यांच्या भाषेत तर विंटेज म्हणजे जुनी बाटली नव्हेच. मागच्या वर्षीच्या बाटलीलाही विंटेज असतं. युरोपात लेबलवर साल छापायचं तर किमान ८५ टक्के द्राक्षं त्या सालच्या काढणीची लागतात. तीन-चार सालांची वाईन एकत्र केली की ती 'नॉन-विंटेज', मग ती कितीही जुनी असो. बरीचशी शॅम्पेन अशीच असते.

हे सगळं मी घरी सांगितलं. आमचे नाना माळकरी, वाईनला शिवत नाहीत, पण थॉमसन या खायच्या द्राक्षांची बाग आयुष्यभर केलेली. त्यांनी एकच विचारलं, "मग बाटलीवर छाटणीचं साल धरता का काढणीचं?" वायनरीत दोन वर्षांत कुठल्याच पाहुण्यानं हा प्रश्न विचारला नव्हता. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी (वेलीला नव्या काड्या फुटाव्यात म्हणून), ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी (घड यावेत म्हणून), आणि माल निघतो जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे २०१९च्या ऑक्टोबरला छाटलेल्या बागेच्या बाटलीवर २०२० येतं, कारण शब्दच काढणीचा आहे. युरोपात हा घोळ होत नाही. तिथली काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. नाशिकला छाटणी चालू असते तेव्हा फ्रान्सात घड उतरत असतात. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्यांनी नवं कॅलेंडर काढलं, त्याचा २२ सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होणारा पहिला महिना याच 'विंदेमिया'वरून 'वांदेमियेर' होता.

एक गोष्ट नानांना फार आवडली. कन्या राशीत 'विंडेमियाट्रिक्स' नावाचा एक तारा आहे, अर्थ 'द्राक्षं काढणारी'. तो पहाटे सूर्याच्या आधी उगवायला लागला की काढणी जवळ आली, असा जुन्या लोकांचा हिशेब. "म्हणजे आपल्या मृग बहारासारखंच की," नाना म्हणाले. सटाणा-मालेगावकडे डाळिंबाचा मृग बहार आणि हस्त बहार नक्षत्रावरूनच धरतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकच मराठी शब्द सगळीकडे चालणार नाही. खुर्ची-कपाटाला 'जुन्या घडणीचं' म्हणा, मोटारीला विंटेजच राहू द्या, 'पुराणी मोटार' म्हटलं तर मालक चिडेल. पण वाईनच्या बाबतीत आपल्याकडे चपखल शब्द तयार आहे: हंगाम. '२०२०च्या हंगामाची वाईन'. गंमत अशी की हा शब्द फारसी, आणि मुळात त्याचा अर्थ नुसता 'वेळ'. आपल्या शेतात येऊन तो पिकाचा झाला. विंटेज बरोब्बर उलट्या वाटेनं गेला, पिकातून निघून वेळेत शिरला. नाना अजूनही बाटलीला हात लावत नाहीत, पण लेबलवरचं साल मात्र चष्मा लावून वाचतात आणि त्या साली गारपीट झाली होती का, ते सांगतात.