कोळशाने हात काळे करायचे, मग थ्रीडी कधी शिकायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी पुण्यात अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्यांनी लोन काढून अ‍ॅडमिशन घेतलीय आणि आम्ही इथे काय करतोय तर चारकोल, मातीकाम, फोटोग्राफी, सावल्यांच्या बाहुल्या. गेल्या आठवड्यात तारेवर मातीची म्हैस केली, वाळताना पाय तडकले, मार्क गेले. शाळेतला मित्र सहा महिन्यांचा थ्रीडी कोर्स करून जॉबला पण लागला. मला सगळं थोडं थोडं येतं आणि धड काहीच येत नाही. काय करू?
– एक वैतागलेला, पुणे

उत्तर: अरे, दुसऱ्या वर्षात मी पण घरी काळे हात दाखवून हेच रडगाणं गायचे. मित्राशी तुलना करू नको असलं काही सांगणार नाही, ती होतेच.

एक किस्सा सांगते. पहिल्या नोकरीत मला शॉट मिळाला, म्हातारी भरलेला हंडा उचलून कमरेवर घेते, बास. चार सेकंद, म्हणजे ९६ फ्रेम. दोन दिवस ग्राफ एडिटरमध्ये (सॉफ्टवेअरमध्ये हालचालीचा वेग रेषांनी दिसतो ती खिडकी) कर्व्ह ओढत बसले तरी हंडा थर्माकोलचाच वाटायचा. शेवटी रात्री घरी बादली भरली, आईला उचलायला लावली (ती म्हणाली, आता हे काय नवीन), मोबाईलवर शूट केलं आणि एकेक फ्रेम सरकवत पेनने भराभर काड्यांची माणसं काढली, चारकोलच्या तासाला तीस सेकंदांत काढायचो तशीच. तेव्हा दिसलं की बादलीच्या आधी आई हलते. गुडघे वाकतात, दुसरा हात बाहेर जातो, खांदा खाली ओढला जातो आणि मग कुठे बादली जमीन सोडते. माझी म्हातारी आणि हंडा एकाच फ्रेमला निघत होते! सकाळी दोन तासांत शॉट झाला, सॉफ्टवेअर तेच होतं हां.

आपले दादासाहेब फाळके घे ना. जेजेत चित्रकला, मग बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, लिथो म्हणजे दगडावरची छपाई, छापखाना, वर जादूचे प्रयोग पण. नातेवाईक काय काय बोलले असतील देव जाणे. आणि १९१२ मध्ये सिनेमासाठी भांडवल मिळवायला त्यांनी काय दाखवलं, तर वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं शूट करून पडद्यावर भराभर वाढताना.

पण तुझी अर्धी तक्रार खरी आहे. कॉलेजात सगळं चाखायला मिळतं, पोटभर काहीच नाही, ते पोटभर आपलं आपल्यालाच वाढून घ्यावं लागतं. तुला थ्रीडी करायचंय तर ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, आज रात्रीच टाक. आणि नवीन विषय शोधू नको, तीच म्हैस घे. गोठ्यात जाऊन तिची चाल स्केच कर, मग ब्लेंडरमध्ये चालव, आणि मॉडेल पूर्ण काळं करून बघ, नुसत्या सावलीवरून ती चालतेय की लंगडतेय कळतंय का. बाहुल्यांच्या तासाला हेच तर शिकवतात, फक्त तसं कोणी तोंडाने सांगत नाही. ती चाल जमली की शोरीलमध्ये, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या कामाच्या व्हिडिओत, अगदी पहिली टाक.

आणि पाय तडकले त्यात तुझा हात वाईट नाही रे. ओली माती वाळताना आकसते, आतली तार आकसत नाही, मग तडा जाणारच. पुढच्या वेळी प्लॅस्टिसिन, म्हणजे तेलकट माती घे, ते वाळतच नाही.